सेहेचाळीस हजारांचा ओरखडा

पत्र लिहिणाऱ्या ताई पुण्यात सिंहगड रोड भागात राहतात. वय एक्केचाळीस. गेल्या वर्षीच गाडी चालवायला लागल्या. महिन्यापूर्वी सोसायटीच्या पार्किंगमधून रिव्हर्स घेताना त्यांच्या गाडीचा मागचा कोपरा शेजारच्या काकांच्या उभ्या गाडीला लागला. काकांच्या साडेतीन वर्षांच्या गाडीचा पुढचा बंपर डावीकडून निखळला, फेंडरला, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याला, पोचा आला, हेडलाइट हलायला लागला. काका त्या वेळी काहीच बोलले नाहीत. दोन दिवसांनी मात्र कंपनीच्या वर्कशॉपचं ४६,८०० रुपयांचं एस्टिमेट घेऊन दारात आले. ताईंच्या मिस्टरांनी तेच फोटो कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला दाखवले, तर तो म्हणाला, ‘चौदा हजारांत चकाचक करून देतो.’ मिस्टरांचं म्हणणं, काका आपल्या पैशांनी गाडी नवी करून घेतायत. त्यांचा विमा आहे, खांबाला ठोकली असं सांगून क्लेम करावा. ताईंना वाटतं, आरडी मोडावी, पैसे देऊन टाकावेत आणि विषय संपवावा. यंदा काकूंकडून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही, हेही त्यांनी लिहिलंय. प्रश्न तीन : नेमके किती द्यायचे? माझ्या विम्यातून मिळतील का? आणि काका खरंच लुटतायत का? पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे : ‘त्या दिवसापासून मी गाडीला हात लावलेला नाही, रिक्षानेच जाते.’

ताई,

चौदा आणि सेहेचाळीस यांच्यामधले बत्तीस हजार कुणीतरी खातंय, हा तुमच्या मिस्टरांचा हिशेब. पहिल्यांदा पत्र वाचलं तेव्हा मलाही तसंच वाटलं. मग तुम्ही सोबत पाठवलेला एस्टिमेटचा फोटो मोठा करून ओळीनं वाचला. बंपर नवा, ९,२००. हेडलाइट असेंब्ली नवी, १६,४००. फेंडर नवा, ४,३००. फॉगलॅम्पची चौकट, ब्रॅकेट, क्लिपा मिळून १,९००. तीन पॅनेलचा रंग १०,२००. खोलणं-बसवणं ४,८००. सगळं करासहित.

आता गॅरेजवाला काय म्हणाला ते पाहा. बंपर काढून वेल्डिंग करतो, फेंडरचा पोचा काढतो, हेडलाइटला धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा तुटलेला कान जोडतो, दोन पॅनेल रंगवतो. म्हणजे एकानं सगळं बदलायचं ठरवलंय आणि दुसऱ्यानं काहीच बदलायचं नाही असं ठरवलंय. हे एकाच कामाचे दोन भाव नाहीतच. सदरा रफू करायची मजुरी आणि नवा सदरा शिवायची मजुरी शेजारी ठेवून शिंप्याला चोर ठरवण्यातली गत आहे ही.

तुमचं पत्र घेऊन मी आमच्या ओळखीच्या एका डेंटरकडे गेले. तीस वर्षं गाड्यांचे पोचे काढण्याचं, बंपर जोडण्याचं काम करणारा माणूस. त्यानं भिंतीला टेकवलेला एक बंपर दोन बोटांनी उचलून माझ्या हातात दिला. कपडे वाळत घालायच्या स्टँडएवढंही वजन नव्हतं. आतल्या बाजूला ‘पीपी’ अशी अक्षरं ठसवलेली होती. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आपल्या स्वयंपाकघरातल्या डब्यांचंच भावंड. हे प्लॅस्टिक तापवलं की वितळतं, म्हणून जोडता येतं. तापवलेल्या बारीक पिना आतून खुपसून त्यानं मला एक भेग शिवून दाखवली, अगदी टाके घालावेत तशी. वरून घासून रंग मारला की डोळ्यांना काही कळणार नाही. ‘पण ही खाच बघा,’ म्हणाला, आणि बंपर जिथे फेंडरला अडकतो तिथली दातेरी पट्टी दाखवली. ‘ही फाटली असेल तर मी जोडून देईन, तुम्ही खूश होऊन घरी जाल, आणि दहा स्पीडब्रेकरांनंतर परत बोट जाईल एवढी फट पडेल.’

काकांचा बंपर निखळलाय, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ती पट्टीच तुटली असण्याची शक्यता बरीच आहे. मग ९,२०० चा नवा बंपर ही चैन म्हणता येणार नाही.

आमच्या वडिलांची फियाट होती. तिचा क्रोमचा लोखंडी बंपर तीन-चार वेळा गेटच्या खांबाला लागला, आणि दर वेळी नुकसान खांबाचं झालं. त्या आठवणीवर वाढलेल्या पिढीला आजच्या गाड्या कचकड्याच्या वाटतात. पण हल्लीचा बंपर मुळात कव्हर आहे. धक्का लागला की त्यानं दबायचं, फाटायचं आणि समोर माणूस असेल तर त्याच्या पायांना कमी इजा करायची, हे त्याचं कामच आहे. त्याची किंमत आपण पार्किंगमधल्या धडकेत मोजतो.

हेडलाइटची गोष्ट वेगळी, आणि खरी गोम तिथेच आहे. पूर्वी काच फुटली तर काच, बल्ब गेला तर बल्ब. आता काच, आरसा, एलईडी, सगळं एकसंध चिकटवलेलं. तिला गाडीवर धरून ठेवणारे प्लॅस्टिकचे तीन-चार कान असतात. त्यातला एक तुटला तरी एस्टिमेटमध्ये पूर्ण हेडलाइट येतो, कारण वर्कशॉपच्या संगणकात ‘कान’ नावाचा भागच बहुतेक वेळा नसतो. काही मॉडेलना कानांचा वेगळा किट मिळतो, तो स्क्रूनं बसतो आणि दिव्याच्या मानानं किरकोळ पैशांत येतो. नसेल तर चांगला कारागीर प्लॅस्टिक वेल्डिंगनं कान उभा करतो. काच शाबूत असेल, आत पाणी शिरत नसेल आणि दिव्याचा झोत सरळ पडत असेल, तर १६,४०० वाचवण्याचा प्रयत्न नक्की करावा. या एका ओळीवर काकांशी शांतपणे बोलण्यासारखं आहे.

मिस्टरांनी ‘तीन पॅनेल रंग’ या ओळीभोवती लाल पेनानं गोल काढलाय. दाराला साधा ओरखडा नाही, मग दार कशाला रंगवायचं? ताई, इथे मात्र वर्कशॉप बरोबर आहे, निदान असू शकतं. काकांची गाडी मोतिया पांढरी आहे. तो रंग तीन थरांत चढतो : खाली पांढरा, त्यावर मोत्याच्या चमकेचा, वर पारदर्शक लॅकर. साडेतीन वर्षं उन्हात उभी राहिलेली गाडी आणि डब्यातून काढलेला नवा रंग, दोघांचा कोड एकच असला तरी छटा एक नसते. फेंडर एकटाच रंगवला तर उन्हात तो उठून दिसतो. म्हणून नवा रंग दाराच्या अर्ध्यावर विरवत नेतात आणि वरून अख्ख्या दारावर लॅकर मारतात. साध्या पांढऱ्या गाडीला कुणी तिसरं पॅनेल लावलं, तर मीही लाल पेन काढीन.

आता ‘काका मुद्दाम महागड्या ठिकाणी गेले’ या समजाबद्दल. अडुसष्ट वर्षांचा माणूस, गाडी घेतल्यापासून सर्व्हिसिंग कंपनीतच करतो. त्याला दुसरं ठिकाण माहीत असेल असं तुम्ही धरून चालला आहात. तिथल्या सर्व्हिस ॲडव्हायझरनं पहिला प्रश्न विचारला असणार, ‘इन्शुरन्स की कस्टमर पेड?’ काका गोंधळले असतील किंवा काहीच बोलले नसतील, आणि ॲडव्हायझरनं इन्शुरन्सचं म्हणून एस्टिमेट काढलं असेल. इन्शुरन्सच्या एस्टिमेटमध्ये दुरुस्तीपेक्षा बदलण्याकडे कल असतो. विमा कंपनीचा नुकसान तपासणारा माणूस, म्हणजे सर्व्हेअर, येऊन काट मारणार, हे दोन्ही बाजूंना माहीत असतं, त्यामुळे सुरुवात वरच्या आकड्यापासून होते. तोच कागद काकांनी तुमच्या दारात आणला. यात लबाडी कमी आणि सवय जास्त दिसते मला.

वर्कशॉपांचं मी उगाच कौतुक करत नाहीये. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देता बाजार आपल्याच मुठीत ठेवल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. पुढे त्याची अपिलं झाली, तो वेगळा अध्याय. तुमच्या कामाचा मुद्दा एवढाच, की अस्सल भागाच्या खोक्यावर पार्ट नंबर आणि एमआरपी छापलेली असते. एस्टिमेटवरचा पार्ट नंबर घेऊन नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानात किंवा कंपनीच्या स्पेअर्सच्या काउंटरवर विचारलं, तर दहा मिनिटांत कळतं की ९,२०० खरे आहेत की कसे. बहुतेक वेळा खरे निघतात. फरक पडतो तो मजुरीत, रंगात, आणि काय बदलायचं या निर्णयात. एक सूचना : मिस्टर कुणा मित्राचं जुनं बिल पुढे करत असतील, तर त्याच्याशी तुलना करू नका. बहुतेक सुट्या भागांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय.

मग तुम्ही देणं लागता ते नेमकं काय? माझ्या मते, काकांची गाडी सकाळी जशी होती तशी त्यांना परत मिळणं, आणि त्यासाठी त्यांच्या खिशाला तोशीस न लागणं. नवे भाग देणं तुमच्यावर बंधनकारक नाही, जिथे जुना भाग पूर्वीइतकाच टिकेल. पण जिथे टिकणार नाही, तिथे ‘साडेतीन वर्षं वापरलेला बंपर होता, अर्धेच पैसे घ्या’ असं म्हणणंही शोभत नाही. त्यांनी बंपर विकायला काढला नव्हता.

आता विमा. तुमच्या मिस्टरांचं अर्धं म्हणणं बरोबर आहे, आणि ते कुठलं अर्धं, ते काकांच्या पॉलिसीतल्या एका ओळीवर ठरतं. काकांना विचारा, ‘झिरो डेप आहे का?’ म्हणजे भाग जुने झाले म्हणून त्यांच्या किमतीत कपात न करणारं कलम.

नसेल, तर विमा कंपनी घसारा कापते. प्लॅस्टिकच्या भागांवर सरसकट निम्मे, तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर पंचवीस टक्के. रंगाच्या एकूण बिलाचा चौथा हिस्सा सामान म्हणून धरतात आणि त्यावर निम्मे कापतात. काकांच्या एस्टिमेटवर मी हे मांडून पाहिलं. बंपरचे ४,६००, हेडलाइटचे ८,२००, किरकोळ भागांचे ९५०, फेंडरचे १,०७५, रंगाचे १,२७५ आणि प्रत्येक क्लेमला ठरलेले १,०००, ज्याला वर्कशॉपमध्ये फाइल चार्ज म्हणतात (पंधराशे सीसीच्या वरच्या गाडीला २,०००). बेरीज १७,१००. म्हणजे क्लेम करूनही काकांच्या खिशातून सतरा हजार जातातच. ‘विमा आहे ना’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा स्वतःच्या हातानं लिहून पाहावा.

शिवाय नो क्लेम बोनस. ही सूट गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते, थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या, हप्त्यावर मिळत नाही. क्लेम न केलेल्या वर्षांप्रमाणे ती २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के होते, आणि एका क्लेमनं शून्यावर येते. काकांनी आजवर क्लेम केलेला नसेल, तर येत्या नूतनीकरणाला त्यांना ४५ टक्के मिळायचे, पुढे दरवर्षी ५०. क्लेम केला तर शून्य, मग २०, २५, ३५, ४५, आणि सहाव्या वर्षी परत ५०. दर वर्षाचा फरक मांडा : ४५, ३०, २५, १५, ५. बेरीज १२० टक्के. म्हणजे सूट धरण्याआधीचा त्यांचा एका वर्षाचा हप्ता बारा हजार असेल, तर पाच वर्षांत मिळून १४,४०० चं नुकसान. गाडीची विम्यातली किंमत दरवर्षी उतरते, तसा हप्ताही थोडा उतरतो, म्हणून साडेबारा हजार धरा. बोनस सुरक्षित ठेवणारं वेगळं कलम त्यांनी घेतलेलं असेल, तर हे नुकसान टळतं.

थोडक्यात, झिरो डेप नसेल तर काकांना क्लेम करायला लावणं म्हणजे सतरा अधिक साडेबारा, जवळपास तीस हजारांचा खड्डा. यापेक्षा नीट दुरुस्ती स्वस्त. आणि झिरो डेप असेल तर हेच गणित उलटतं : घसारा नाही, फाइल चार्ज एक हजार, बोनसचे साडेबारा. साडेतेरा हजारांत काकांना कंपनीतून सगळे नवे भाग, आणि तेही गॅरेजवाल्याच्या चौदा हजारांपेक्षा कमीत. मग तुम्ही म्हणायचं, ‘काका, क्लेम तुम्ही करा, फाइल चार्ज आणि बोनसचं नुकसान मी भरते.’ बोनसचे पैसे त्यांना आत्ता द्यायचे, दरवर्षी आठवण करून द्यायची वेळ आणायची नाही. झिरो डेपमध्ये वर्षाला किती क्लेम चालतात याची मर्यादा असते, तीही बघून घ्या. मात्र पॉलिसी त्यांची, क्लेमचा हक्क त्यांचा. ते नको म्हणाले तर तो विषय तिथेच सोडायचा.

आणि खांबाची गोष्ट नको. उभ्या गाडीला शेजारच्या गाडीनं धक्का दिला, हे खरं कारण सांगूनही काकांचा क्लेम होतो. खोटं कारण सांगितलं आणि सर्व्हेअरला ते नुकसानीशी जुळलं नाही, तर क्लेम नाकारला जातो. खांब सपाट घासतो, तुमच्या गाडीचा कोपरा खळगा पाडतो. सर्व्हेअरना रोज हेच बघायचं असतं. बोलायचं तुमच्या मिस्टरांनी आणि सही करायची काकांनी, हे मला तरी पटत नाही. खरं सांगितल्यावर काकांच्या विमा कंपनीला ती रक्कम तुमच्याकडून मागण्याचा कायद्यानं हक्क असतो, हेही माहीत असू द्या. एवढ्या छोट्या रकमेसाठी सहसा कुणी त्या वाटेला जात नाही.

तुमच्या स्वतःच्या विम्याचं काय? थर्ड पार्टी विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेचं साडेसात लाखांपर्यंतचं नुकसान धरलेलं असतं. कागदावर तुमची केस त्यात बसते. पण ते पैसे वर्कशॉपच्या काउंटरवर मिळत नाहीत. त्यासाठी पोलिसांत नोंद आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, अशी वाट आहे. सोसायटीचं आवार ही सार्वजनिक जागा की खाजगी, यावरच दोन तारखा जातील. शेजाऱ्यानं शेजारणीवर दावा लावायचा आणि दोघांनी लिफ्टमध्ये एकमेकांकडे बघून हसायचं, हे मला डोळ्यांसमोर आणता येत नाही. त्या पॉलिसीत आणखी एक अट असते : विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय भरपाईचं वचन किंवा पैसे द्यायचे नाहीत. तुम्ही खिशातून मिटवणार असाल तर ती आड येत नाही, पण तेच पैसे नंतर कंपनीकडे मागता येणार नाहीत.

तर झिरो डेप नसेल तेव्हाचं मला सुचतंय ते असं. तिसरं ठिकाण शोधा, ना कंपनी ना कोपरा. रंगाची बंद खोली, म्हणजे पेंट बूथ, असलेलं मल्टिब्रँड वर्कशॉप बघा. रस्त्याकडेला मारलेल्या रंगात धूळ बसते आणि मोतिया पांढऱ्यावर ती लपत नाही. तिथे काकांना घेऊन जा. फोटो घेऊन नाही, गाडी घेऊन. आधी बंपर उतरवून आत बघायला सांगा. फोटोवरून दिलेला भाव, मग तो चौदा असो की चाळीस, अंदाजच असतो. आतली लोखंडी पट्टी किंवा रेडिएटरची चौकट वाकली असेल तर हिशेब बदलतो, आणि ते काम सोडून नुसता रंग मारणं बरोबर नाही. नवा अस्सल बंपर आणि क्लिपा, हेडलाइटचा कान दुरुस्त, फेंडरचा पोचा काढून, रंग, मजुरी. माझ्या डेंटरनं तुमच्या फोटोंवरून बोटांवर हिशेब केला आणि एकवीस-बावीस हजार म्हणाला. दार धरलं तर थोडे वर. हा आकडाही फोटोवरूनच आहे, तेव्हा त्यालाही वर लिहिलेला नियम लागू.

जाताना मिस्टरांना घरी ठेवा. रागावू नका, पण लाल पेन घेऊन आलेल्या माणसासमोर कुणीही मऊ होत नाही. तुम्ही एकट्याच काकांकडे जा, आकड्याच्या आधी हे म्हणा : ‘काका, हे माझ्याकडून झालंय आणि तुमची गाडी नीट करून देणं माझ्याकडे लागलं. फक्त कसं करायचं, ते आपण दोघं मिळून बघू या का?’ महिनाभरात हे वाक्य त्यांच्या कानावर गेलेलं नसावं, अशी मला शंका आहे. तुम्ही माफी मागितली असेल, पण मध्ये आला तो चौदा हजारांचा आकडा, आणि तो त्यांना बहुतेक मिस्टरांच्या तोंडून कळला. हळदीकुंकवाचं बोलावणं कशामुळे अडलं, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पैशांमुळेच अडलं, असं तुम्हीही धरून चालू नका.

त्यातूनही काका कंपनीच्याच कामावर अडून बसले तर? तर मी म्हणेन, तुमच्या नीट दुरुस्तीच्या खर्चाइतकी रक्कम तुम्ही द्या, वरचा फरक त्यांचा. हे नम्रपणे आणि एकदाच सांगायचं. आरडी मोडून सगळे ४६,८०० देऊन ‘विषय संपवण्यात’ विषय संपत नाही. तुम्ही पुढची दोन वर्षं ती मोतिया गाडी बघून मनात कुढाल.

पैसे काकांच्या हातात रोख न देता वर्कशॉपला थेट भरा आणि बिल घ्या. बिलाचे पूर्ण पैसे तुमच्याकडून घेतले तर त्याच नुकसानीचा क्लेम काकांना करता येत नाही, हे आधीच बोलून घ्या. काम झाल्यावर दोघांत एक साधा व्हॉट्सॲप संदेश पुरे : ‘अमुक तारखेला झालेल्या नुकसानीचं काम झालं, आता काही बाकी नाही.’ गाडी ताब्यात घेताना दिवसाउजेडी घ्या. ट्यूबलाइटखाली सगळे पांढरे सारखेच दिसतात. बोनेट आणि फेंडरमधली फट डावी-उजवीकडे सारखी आहे का बघा, दाराच्या रबराखालून नख फिरवा (चिकटपट्टीची कड राहिली असेल तर नखाला लागते), रात्री भिंतीसमोर गाडी उभी करून दोन्ही दिव्यांचे झोत एका उंचीवर पडतात का तपासा. बदललेला जुना बंपर दाखवायला सांगा.

अशीच पत्रं इतरांचीही येतात, आणि त्यांची धडक अनोळखी माणसाशी, भर सिग्नलवर झालेली असते. त्यांच्यासाठी दोन शब्द. कुणाला लागलं असेल तर आधी दवाखाना आणि पोलीस. तिथे आपसांत मिटवायचं नसतं. नुसता पत्रा चेपला असेल तर दोन्ही गाड्यांचे नंबरासहित फोटो काढा, मग गाड्या बाजूला घ्या. लायसन्स किंवा आरसी कुणाच्या हातात ‘तारण’ म्हणून देऊ नका. घोळका जमवून रोख मागणाऱ्याला रस्त्यावर आकडा कबूल करू नका; तो आकडा बंपर उतरवल्याशिवाय कुणालाच माहीत नसतो. क्लेम करायचा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा, आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत काहीही खोलू नका. ज्यांच्या गाडीच्या पुढच्या जाळीमागे किंवा बंपरमागे रडार आहे, आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्यांना असतो तो, त्यांनी मात्र बंपरच्या कामाला कोपऱ्यावरचं गॅरेज धरू नये. तिथे पुट्टीचा जाड थरही रडारला नडतो, आणि काम झाल्यावर ते पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. क्लेमची रक्कम अन्यायानं कापली असं वाटलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, आणि तिथे दाद लागली नाही तर विमा लोकपाल आहेत. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे, फी नाही, वकील लागत नाही.

ताई, आता तुमची गाडी. पत्रात काकांच्या गाडीचं वर्णन दीड पान आहे आणि तुमच्या गाडीचं अर्धं वाक्य : ‘आमच्या मागच्या बंपरला ओरखडा आहे, तोही करून घ्यावा का?’ नको. प्लॅस्टिकला गंज चढत नाही. पत्र्यावर असता तर पावसाळ्याआधी रंग लावा म्हटलं असतं. त्या पार्किंगमधून तुम्हाला रोज उलटी गाडी काढायची आहे, खांब तिथेच आहे, आणि काकांची गाडी आठवड्याभरानं नवा रंग लावून परत तिथेच उभी राहणार आहे. रविवारी सकाळी सातला, बरेच लोक झोपलेले असताना, दहा-बारा वेळा गाडी आत-बाहेर करा. जमलं तर संध्याकाळी येऊन गाडी पार्किंगमध्ये उलटी लावायची सवय करा, म्हणजे सकाळी घाईत तोंडानं बाहेर पडता येतं. ओरखड्याचं पुढच्या दिवाळीला बघू. तोवर शेजारी आणखी एक येऊन बसला, तर दोन्ही एकाच पॅनेलच्या पैशांत निघतील.